परसदार : वेडं फूल खुडू नका

मागच्या अंकात माझ्या राक्षसी टोमॅटोचा फोटो छापून आला (मापासाठी शेजारी स्टीलचा पेला ठेवला होता, तो). तेव्हापासून पत्रांचा नुसता पाऊस पडतोय. त्यातली चार पत्रं इथे घेतो. आधीच कबूल करतो, माझं आजवरचं सगळ्यात जड फळ १ किलो ९४० ग्रॅमचं आणि आमच्या न्यू जर्सीतल्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) जड टोमॅटोच्या स्पर्धेत ते सहावं आलं. पहिल्या नंबराचाच सल्ला हवा असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

काका, 'बिग झॅक'चं बी मुद्दाम मागवून लावलं. रोप माझ्या डोक्यावर गेलं, फळंही पुष्कळ लागली, पण सगळी पाव किलो, फार तर चारशे ग्रॅमची. बियाण्यात फसवणूक झाली का? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही. 'बिग झॅक' तर आपल्याच राज्यातलं. लाँग ब्रँचच्या मिनी झाकारिया बाईंनी दोन जुन्या वाणांच्या संकरातून ते काढलं. त्याच वाणाचा टोमॅटो २०१४ मध्ये मिनेसोटातल्या इली गावच्या डॅन मॅकॉय यांनी ३.८१ किलोचा केला आणि १९८६ पासून कुणाला न हललेला ओक्लाहोमाच्या गॉर्डन ग्रॅहम यांचा ३.५१ किलोचा विक्रम मोडला. अठ्ठावीस वर्षं लागली! पुढे २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या वाला वालाचा टोमॅटो ४.८९६ किलो भरला. तेव्हा बियाण्याला दोष देऊ नका.

तुमचं चुकलं ते फुलाच्या वेळी. पहिला घोस उमलला की भिंग घेऊन त्याच्यासमोर बसा. साध्या फुलाला पाच-सहा पाकळ्या असतात आणि मधे बारीक टाचणीसारखी एक दांडी. त्याच घोसात एखादं फूल वेडंविद्रं दिसेल. पाकळ्या पंधरा-वीस, चुरगळून दाटलेल्या. देठ बाकीच्यांच्या दुप्पट जाड. मधली दांडी गोल नाही, तर चपटी, नाडीच्या पट्टीसारखी. चार-पाच फुलं एकमेकांत मिसळून एकच झालेली असतात. इथले स्पर्धेवाले त्याला 'मेगाब्लूम' म्हणतात. दोन-तीन किलोचं फळ धरतं ते याच फुलातून. साध्या फुलाला सोन्याचं पाणी घातलंत तरी ते अर्ध्या-पाऊण किलोच्या पुढे सरकत नाही.

कारण सोपं आहे. टोमॅटो आडवा कापला की आत कप्पे दिसतात ना, जंगली टोमॅटोला ते दोनच असतात आणि फळ बोराहून लहान. माणसाने निवड करत करत कप्पे वाढवले. फुलाचा कोंब किती रुंद व्हावा याला आवर घालणारी जी जनुकं असतात, त्यांतली एक-दोन मोठ्या वाणांत ढिली पडलेली आहेत. त्यात रोप लहान असताना थंडी लागली, की पहिल्या घोसात असली जुळी-तिळी फुलं जास्त येतात. म्हणून मी मार्चच्या मध्याला बेसमेंटमध्ये दिव्याखाली बी टाकतो आणि रोपं चार पानांची झाली की हीटर बंद. बायको म्हणते, रोपांना स्वेटर विणू का?

आता घरातली गोष्ट सांगतो. आमचं गाव नारायणगावजवळ. वडिलांनी चाळीस वर्षं टोमॅटो केला आणि कॅरेटं भरून मार्केटला नेली. २०१६ च्या मेमध्ये ते इकडे आले. जूनमधल्या एका सकाळी चहा घेऊन बागेत गेले, परत आले आणि समाधानाने म्हणाले, "तुझ्या त्या कडेच्या झाडाला एक रोगट फूल होतं. खुडून टाकलं. उगाच झाडाचा जोर खात होतं." माझ्या हातातला कप तसाच राहिला. त्या फुलावर मी आठवडाभर डोळे लावून बसलो होतो. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. असल्या फुलाचं फळ वेडंवाकडं होतं, कॅरेटमध्ये नीट बसत नाही, आणि व्यापारी बोली लावताना तेच आधी बाजूला काढतो. जन्मभर जे खुडायचं शिकले, तेच त्यांनी खुडलं. आपल्याला नेमकं उलटं करायचंय.

तर ते फूल ठेवा. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला पराग कोरडे झाले की दात घासायचा इलेक्ट्रिक ब्रश घोसाच्या देठाला पाठीमागून टेकवा, चार-पाच सेकंद. (जुना ब्रश घ्या, नाहीतर घरात महाभारत.) मधली पट्टी रुंद असल्यामुळे तिच्यावर सगळीकडे पराग पडायला हवेत, नाहीतर फळ एका बाजूनेच फुगतं. तीन-चार दिवस रोज करा. फळ धरलं, सुपारीएवढं झालं, की काळजावर दगड ठेवून झाडावरची बाकीची सगळी फळं-फुलं काढा. एका झाडाला एक फळ, फार तर दोन. बगलेतले फुटवे काढा, पण पानं राखा. साखर तिथेच तयार होते. तुम्ही वीस फळं ठेवलीत म्हणून वीस जणांत वाटणी झाली. बाकी काही नाही.

आणि हो, खताचं. सहा पत्रांत 'कोणतं खत?' हाच प्रश्न आहे. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या आणि जे कमी आहे तेवढंच घाला. नत्राचा मारा केलात तर पानांचं जंगल होईल आणि त्यात टोमॅटो शोधत बसाल.

फळ छान मुठीएवढं झालं आणि बूड काळं पडलं. अंड्याची टरफलं घातली, तरी तेच. दुसरं वाचलं ते पावसानंतर तडकलं. (फिलाडेल्फिया)

दोन्हीचं मूळ पाण्यातच आहे. बूड काळं पडतं कॅल्शियम न पोचल्यामुळे, पण ते मातीत नसतं असं क्वचितच. कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं. दोन दिवस सुकवलं आणि तिसऱ्या दिवशी पाइप सोडला, की पानं आपला वाटा ओढून घेतात आणि फळाचं टोक उपाशी राहतं. टरफलं विरघळायला वर्षं जातात. ती या हंगामात तुमच्या टोमॅटोच्या कामी येणार नाहीत. पूजेला वाहिल्यासारखी राहतील तिथेच.

तडकण्याचं कारणही तेच. कोरडं पडलेलं झाड एकदम पाणी पितं, गर फुगतो आणि सालीला ताणायला वेळच मिळत नाही. मी ठिबक लावलंय, रोज पहाटे ठरावीक वेळ. वर चार बोटं वाळलेल्या गवताचं आच्छादन.

एवढं करूनही २०१९ मध्ये माझं फळ गेलं. जुलैमध्ये दहा दिवस गावी जावं लागलं, म्हणून ठिबकला टायमर बसवून गेलो. तो कधी बंद पडला देव जाणे. शेजाऱ्याच्या लक्षात आलं तोवर माती भेगाळली होती. भला माणूस, त्याने कळवळून अर्धा तास पाइप सोडला. परत आलो, बॅगा दारात टाकल्या आणि थेट बागेत गेलो. देठापासून बुडापर्यंत अंगठा जाईल एवढी भेग, आत माश्या. काट्यावर टाकला तर १ किलो ७१० ग्रॅम. स्पर्धेत रस गळणारं फळ घेत नाहीत. त्या वर्षी मी स्पर्धेला नुसता बघायला गेलो.

फळ अर्ध्या किलोच्या पुढे गेलं की त्याला झोळी बांधा, हे राहिलंच. देठ दुमडला की पुरवठा तिथेच खुंटतो. लोक लांब मोजे वापरतात. मी आईच्या जुन्या मऊ सुती साडीच्या पट्ट्या वापरतो, आणि पाळण्यासारखी झोळी वरच्या तारेला टांगतो. कापड आठवड्याने सैल करायचं, बाळ वाढतं.

पुण्यात, गच्चीवर, होईल का? तुम्ही पाकिटातून चार बिया पाठवाल का? (कोथरूड, पुणे)

होईल. बिया मात्र नाही पाठवणार, रागावू नका. भारतात बी आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि ते योग्यच आहे. टोमॅटोचे काही विषाणू बियांवर बसून देश बदलतात. माझ्या चार बियांपायी जुन्नर-नाशिकच्या रानात काही शिरलं, तर वडील मला उंबरा ओलांडू द्यायचे नाहीत.

तिकडे मिळणारी बहुतेक संकरित वाणं मार्केटसाठी काढलेली आहेत, टणक, एकसारखी, ऐंशी-शंभर ग्रॅमची. ती लावून राक्षस निघणार नाही. जुन्या पद्धतीचा, चपटा, भोपळ्यासारख्या खाचा पडलेला गावरान टोमॅटो कुणाकडे मिळाला तर तो धरा. कापून कप्पे मोजा. जितके जास्त तितका तो आपल्या कामाचा. त्यातल्या सगळ्यात मोठ्या फळाचं बी दरवर्षी राखत गेलात, तर चार-पाच वर्षांत फरक दिसेल.

हंगामाच्या बाबतीत मात्र तुम्ही माझ्यापेक्षा नशीबवान आहात. सप्टेंबरमध्ये रोपं करा, म्हणजे पहिला फुलोरा नोव्हेंबरच्या थंडीत येईल. आमच्याकडे मेच्या मध्यापर्यंत गोठणाऱ्या दहिवराची भीती आणि जुलैत उकाडा, मधे जेमतेम फट. उन्हाळ्यात तुम्ही नादाला लागू नका. पस्तीसच्या वर पारा गेला की पराग मरतात आणि फुलं नुसती गळतात. रोपं बारीक जाळीत वाढवा, नाहीतर पांढरी माशी लीफ कर्ल (पानं आकसून गुंडाळणारा विषाणूचा रोग) घेऊन येते. एका झाडाला निदान चाळीस लिटरची कुंडी हवी. तेलाच्या डब्यात हे होत नाही.

एवढा मोठा टोमॅटो खायचा कसा? चव असते का? की नुसता काट्यावर मिरवायचा? (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

थट्टेची दोन पत्रं आली होती, त्यातलं हे एक. उत्तर मात्र खरं देतो. चव मध्यम. टोमॅटोचा आंबटपणा मुख्यतः बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात असतो, आणि राक्षसात तो कमी, गरच जास्त. मधे पांढरट, दडस गाभा निघतो, तो काढून टाकावा लागतो. सार करायला घेतलात तर दोन आमसुलं टाकावी लागतील. भरल्या टोमॅटोला निरुपयोगी, कारण आत पोकळी नाही. कोशिंबिरीला उत्तम, पाणी सुटत नाही.

२०१६ मध्ये ते फूल गेलं, पण दुसऱ्या झाडावरचं एक वडिलांच्या नजरेतून सुटलं होतं. ऑगस्टमध्ये ते १ किलो ४०० भरलं. वडिलांनी दोन्ही हातांनी उचललं, पालथं केलं, बुडाचा व्रण पाहिला आणि हिशेब सुरू केला. वीस किलोच्या कॅरेटमध्ये असली किती बसतील? चौदा, पण मधे हवाच जास्त. वाटेत खालची दबणार. चार दिवस टिकेल का? नाही. मग म्हणाले, "याला गिऱ्हाईक नाही."

संध्याकाळी आईने तो परातीत चिरला. एक काप ताटाएवढा. वडिलांनी पहिला घास खाल्ला, काही बोलले नाहीत, मिठाची वाटी पुढे ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बागेत गेले ते थेट त्या झाडापाशी, आणि मला हाक मारली, "अरे, ते वरचं फूल बघ जरा. रोगट आहे का?"