लाकूड या अर्थाचे शब्द भाषेभाषेत इतके वेगळे का वागतात?

आपला प्रश्न असा आहे की इंग्रजीत ‘वुड’ म्हणजे लाकूडही होते आणि रानही, मग मराठीत ‘लाकूड’ म्हटल्यावर रान का डोळ्यांसमोर येत नाही, आणि इतक्या साध्या वस्तूच्या नावाला निरनिराळ्या भाषांत इतके निरनिराळे अर्थ कसे फुटतात. मी जर्मनमधून मराठीत भाषांतरे करतो आणि लाकडाच्या शब्दांपाशी मी पुन्हा पुन्हा अडलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या भागाचे उत्तर शब्दांच्या कुळात सापडते. जुन्या इंग्रजीत ‘वुड’चा पूर्वज झाड, रान आणि लाकूड या तिन्हींसाठी चालत असे. मराठी ‘लाकूड’ मात्र संस्कृत ‘लकुट’ किंवा ‘लगुड’ या शब्दाच्या घराण्यातला आहे, आणि त्याचा अर्थ होता सोटा, दांडके. हातात सोटा घेतलेला शैव आचार्य लकुलीश याच्या नावातही तोच सोटा आहे. म्हणजे आपला शब्द आरंभापासूनच झाडापासून तोडलेल्या, हातात धरलेल्या वस्तूचा आहे. उभे, हिरवे झाड त्याच्या कक्षेत कधी आलेच नाही, मग झाडांचा समुदाय कुठून येणार? आजही वठलेल्या आंब्याकडे पाहून आपण ‘आता नुसते लाकूड उरले आहे’ असे म्हणतो, आणि बसून बसून मुंग्या आलेल्या पायाचेही ‘लाकूड झाले’ असे म्हणतो. जिवंतपणा संपला की लाकूड सुरू होते, असा हा मराठी शब्द आहे.

याची दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते. संस्कृतात लाकडासाठी सर्रास वापरला जाणारा शब्द ‘काष्ठ’ होता. तो प्राकृतातून झिजत मराठीत आला आणि ‘काठी’ झाला. म्हणजे ज्याचा अर्थ लाकूड होता त्याची काठी झाली आणि ज्याचा अर्थ काठी होता त्याचे लाकूड झाले! दोन शब्दांनी दीडदोन हजार वर्षांत जागांची अदलाबदल केली, आणि आपण दोन्ही शब्द रोज बोलत असूनही ती आपल्या लक्षात येत नाही. ‘काष्ठ’ मूळ रूपात फक्त काष्ठशिल्प, काष्ठौषधी अशा पुस्तकी जोडशब्दांत राहिले. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेतला ‘प्रकाष्ठ’, म्हणजे झाडात पाणी वर नेणारा भाग, हा शब्द त्यावरूनच घडवला आहे. नेपाळच्या राजधानीच्या नावातही ते आहे, कारण काठमांडू हे नाव तिथल्या काष्ठमंडप या लाकडी वास्तूवरून पडले. ती वास्तू 2015 च्या भूकंपात कोसळली आणि नंतर पुन्हा उभारली गेली.

काठी झाल्यावर त्या शब्दाने जो संसार मांडला तो काष्ठाला कधी साधला नसता. जमीन मोजायची काठी होती, म्हणून ‘काठी’ हे मापच झाले: वीस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा. गुढीची काठी झाली, जोतिबाच्या चैत्री यात्रेतली सासनकाठी झाली, म्हातारपणची काठी म्हणजे आधार देणारे मूल झाले. माणसाच्या शरीराची ठेवण सांगतानाही आपण ‘शेलाट्या अंगकाठीचा’ असे म्हणतो, आणि जरा भारदस्त बोलायचे असेल तर ‘शरीरयष्टी’ म्हणतो. त्या ‘यष्टि’चा अर्थही काठी असाच आहे. शरीराकडे काठी म्हणून पाहण्याची ही रीत संस्कृतात होती. मराठीने शब्द बदलला, पण कल्पना जशीच्या तशी ठेवली.

आता भाषेभाषेतल्या वाटणीकडे येतो. लुई येल्मस्लेव या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने 1943 साली कोपनहेगनमध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या सिद्धान्तग्रंथात नेमके हेच उदाहरण घेतले होते. जर्मनमध्ये झाडाला बाउम, लाकडाला होल्त्स आणि जंगलाला वाल्ट असे तीन शब्द आहेत. फ्रेंचमध्येही तीनच आहेत, आर्ब्र, ब्वा आणि फोरे, पण त्यांच्या सीमा जर्मन शब्दांच्या सीमांवर बसत नाहीत, कारण ‘ब्वा’ हा लाकूडही आहे आणि लहानसे रानही. डॅनिशमध्ये तर ‘त्रे’ हा एकच शब्द झाड आणि लाकूड दोन्हींना पुरतो आणि उरलेला भाग ‘स्कोव’ घेतो. येल्मस्लेवचे म्हणणे असे की जग सगळ्यांपुढे सारखेच पसरलेले असते, पण प्रत्येक भाषा त्यावर आपले जाळे टाकते आणि ज्या जागी दोरे पडतात तिथे अर्थाच्या सीमा उमटतात. हे उदाहरण त्याने फार विचारपूर्वक निवडले असावे, असे मला वाटते. झाड, लाकूड आणि रान हे एकमेकांपासून डोळ्यांनी सहज वेगळे करता येतात, त्यामुळे निदान इथे तरी सगळ्या भाषा एकसारख्या वागतील अशी आपली अपेक्षा असते, आणि तीच अपेक्षा मोडते.

मराठीचे जाळे याहून बारीक विणीचे आहे. चुलीत घालायचे ते सरपण किंवा जळण, तोडून पाडलेले ते ओंडके, छपराला लागतात ते वासे, भिंतीवर आडवी जाते ती तुळई, कापून सपाट केलेली ती फळी, तासताना उडते ती ढलपी आणि होमात पडते ती समिधा. एका जर्मन मजकुरात लागोपाठच्या चार ओळींत ‘होल्त्स’ शेवटी असलेले चार जोडशब्द आले होते. त्यांपैकी ब्रेनहोल्त्सचे मी जळण केले, बाउहोल्त्सचे इमारती लाकूड केले, आणि उंटरहोल्त्सला झाडांखाली वाढलेल्या झुडपांची दाटी असे लिहावे लागले, म्हणजे तिथे लाकूड हा शब्द पार नाहीसाच झाला. चौथा शब्द होता झ्यूसहोल्त्स, शब्दशः ‘गोड लाकूड’. मला काही केल्या उलगडेना. शेवटी वनस्पतीचे शास्त्रीय नाव शोधले, तेव्हा कळले की ते आपले ज्येष्ठमध. घसा बसला की आई ज्याचा तुकडा चघळायला देत असे, ते जर्मन माणसाला गोड लाकूड वाटले. त्याच वस्तूला ग्रीकांनी ‘गोड मूळ’ म्हटले आणि संस्कृताने ‘यष्टिमधु’, म्हणजे काठी आणि मध असे दोन शब्द जोडून झालेले नाव. मराठीत येताना त्या ‘यष्टि’ची ओळख पुसली गेली आणि लोकांनी तिच्या जागी कानाला परिचित असा ‘ज्येष्ठ’ आणून बसवला. जर्मनमध्ये ‘ज्येष्ठमध किसणे’ असा वाक्प्रचारही आहे, आणि त्याचा अर्थ एखाद्याला खूश करण्यासाठी गोड गोड बोलणे असा होतो.

ही वाटणी केवळ बोलण्यापुरती राहत नाही, कायद्यालाही तिची दखल घ्यावी लागते. रोमन कायद्यात असा प्रश्न पडला होता की मृत्युपत्रात कुणी आपले ‘लिग्नुम’ दुसऱ्याला दिले तर नेमके काय दिले. उल्पियान या विधिज्ञाचे उत्तर जस्टिनियनच्या सहाव्या शतकातील संहितेत जपलेले आहे. तो म्हणतो की ‘लिग्नुम’ हे एकूण लाकडाचे सामान्य नाव आहे खरे, पण त्यात भेद केला जातो: जे बांधकामाला आणि टेकू द्यायला लागते ते ‘मातेरिआ’, आणि जे जाळण्यासाठी तयार केलेले असते ते ‘लिग्नुम’. आपल्या वनखात्याच्या कागदांतली ‘इमारती लाकूड’ आणि ‘जळाऊ लाकूड’ ही जोडी पाहिली की मला उल्पियान आठवतो.

भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये तर शब्दार्थाने माणसांच्या पोटापर्यंत मजल मारली. त्या कायद्यातल्या ‘झाड’ या संज्ञेत ताड-माडांबरोबर बांबूचाही समावेश केलेला होता. वनस्पतिशास्त्र बांबूला गवतांच्या कुळात घालते. मराठी माणूस त्याला कळक, वेळू, मेस अशी नावे देतो, त्याच्या समूहाला बेट म्हणतो, आणि त्याला लाकूड म्हणताना जरा अडखळतोच. पण कायद्याच्या लेखी बांबू झाड ठरला, तोडलेला बांबू इमारती लाकडाच्या व्याख्येत गेला, आणि त्यामुळे तो तोडायला व वाहून न्यायला वनखात्याचा परवाना लागू लागला. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात, म्हणजे लाकडाखेरीज रानातून मिळणाऱ्या आणि तिथल्या लोकांना हक्काने घेता येणाऱ्या वस्तूंत धरले, म्हणजे काही वर्षे एकच बांबू एका कायद्यात झाड आणि दुसऱ्या कायद्यात वनोपज होता. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, तो याच ओढाताणीतून. पुढे 2017 च्या दुरुस्तीने 1927 च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द काढून टाकला गेला आणि वनक्षेत्राबाहेर, म्हणजे शेताच्या बांधावर वाढवलेला बांबू झाड असण्यातून मोकळा झाला. नव्वद वर्षे एका शब्दाचा अर्थ काय धरायचा यावर कितीतरी घरांची मिळकत अवलंबून होती, हे शब्दकोश चाळताना आपण विसरू नये असे मला कळकळीने वाटते.

आता आपल्या प्रश्नातला सर्वांत खोल भाग, म्हणजे अर्थ कसे वाढतात. ग्रीकमध्ये ‘ह्यूले’ म्हणजे रान आणि लाकूड. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलला असा शब्द हवा होता की ज्यातून वस्तू घडतात, पण जो स्वतः कोणतीच घडलेली वस्तू नाही, अशा मूळ पदार्थाला तो लावता यावा. त्याने ‘ह्यूले’ हाच शब्द घेतला. लॅटिनमध्ये त्या जागी उल्पियानचा बांधकामाचा ‘मातेरिआ’ गेला. त्याच ‘मातेरिआ’पासून स्पॅनिशमध्ये मादेरा आणि पोर्तुगीजमध्ये मादेइरा हे लाकडाचे शब्द झाले, अटलांटिकमधल्या झाडांनी भरलेल्या बेटाला पोर्तुगीजांनी तेच नाव दिले. त्याचीच दुसरी शाखा फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन मॅटर आणि मटेरिअल झाली. गेल्या वर्षी पुस्तकांचे कपाट करून घेण्यासाठी मी सुताराला बोलावले, तेव्हा त्याने माप घेण्याआधीच ‘मटेरिअल तुमचं की माझं?’ असे विचारले. प्लायवुडबद्दल विचारताना त्याच्या तोंडी जो शब्द आला तो दोन हजार वर्षांपूर्वी सुताराच्या लाकडाचाच शब्द होता, आणि तेवढ्या एका क्षणापुरता तो आपल्या घरी परतला असे मला वाटले.

संस्कृतातही असाच माग दिसतो. ‘दारु’ आणि ‘द्रु’ हे लाकडाचे फार जुने शब्द आहेत. ग्रीकमध्ये त्यांच्या भावंडाचा अर्थ भाला झाला, रशियनमध्ये जळण, आणि इंग्रजीत झाड. देवदार, द्रुम आणि पुरीच्या जगन्नाथाचे ‘दारुब्रह्म’ हे नाव याच मुळाचे. पाणिनी ‘द्रोश्च’ या सूत्राने द्रु-पासून ‘द्रव्य’ हा शब्द लाकडापासून झालेले या अर्थी साधतो, आणि ‘द्रव्यं च भव्ये’ या दुसऱ्या सूत्राने तोच शब्द होतकरू माणसाला लावतो. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका काशिकावृत्ती हिने त्याला ‘द्रव्योऽयं राजपुत्रः’ असे उदाहरण दिले आहे. चांगल्या लाकडातून हवे ते घडवता येते, तसा हा राजपुत्र आहे, असा त्याचा भाव मी घेतो. वैशेषिक दर्शनाने जगाचे जे पृथ्वी, आप, तेज इत्यादी नऊ मूळ घटक मानले, तेही ‘द्रव्य’च. त्या शब्दाची व्युत्पत्ती धावणे किंवा वाहणे या अर्थाच्या द्रु धातूपासूनही सांगतात, म्हणून ग्रीक आणि लॅटिनसारखी सरळ रेघ मी इथे ओढणार नाही. मात्र घडवता येण्याजोगे लाकूड आणि घडण्याची क्षमता यांची सांगड पाणिनीच्या व्याकरणात स्पष्ट घातलेली आहे.

अशा शोधात घसरायलाही वेळ लागत नाही. ‘पराकाष्ठा’ या शब्दात लाकूड पाहणारे मला भेटले आहेत, पण तिथली ‘काष्ठा’ हा शर्यतीची सीमा, दिशा या अर्थाचा वेगळा स्त्रीलिंगी शब्द आहे. उलट जिथे नाते कुणाच्या ध्यानातही येत नाही तिथे ते पक्के असते: पेट्रोलपंपावरचे ‘इंधन’ आणि होमातली ‘समिधा’ हे दोन्ही शब्द इन्ध्, म्हणजे पेटवणे, या एकाच धातूचे आहेत.

शेवटी, अर्थ वाढायला नवा शब्द लागतोच असे नाही. कधी नुसते अनेकवचन पुरते. आमच्या गावी आजोबा गेले त्या सकाळी ओसरीवर जमलेल्या माणसांतून कुणीतरी हळू आवाजात विचारले, ‘लाकडं आली का?’ कसली, कशासाठी, कुणीच विचारले नाही. घरामागच्या खोपीत सरपणाची रास छपरापर्यंत लागलेली होती, पण त्या प्रश्नाचा रोख तिच्याकडे नाही हे तिथल्या लहान मुलालाही कळत होते.