पाईप कुठला घेऊ, हे सगळ्यात शेवटी विचारा

मागच्या अंकात घरच्या घरी ऑफ-रोड बग्गी (रस्ता सोडून माळावर चालवायची उघडी गाडी) बांधण्याबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आलीत आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच गोष्ट आहे, फ्रेम म्हणजे गाडीचा सांगाडा कुठला घ्यायचा. म्हणून या वेळी मुख्यतः फ्रेमचेच प्रश्न घेतोय, शेवटी दोन वेगळे.

प्रश्न : नमस्कार दादा. आमची माण तालुक्यात शेती आहे, निम्मं रान पडीक, मुरमाड माळ आणि मधे ओढे. घरी जुनी मारुती ८०० पडून आहे, बॉडी सडलीये पण इंजिन गिअरबॉक्स ओके आहे. तिची दोन सीटची बग्गी करायचीय. तीन जण तीन सल्ले देतात. एक म्हणतो ८०० चं छत कापून टाक आणि खालचा फ्लोअर तसाच वापर, बाहेरच्या देशात फोक्सवॅगन बीटल गाडीवर असंच करतात. दुसरा म्हणतो भंगारातून जुन्या जीपची चॅसी आण. आमचा वेल्डिंगवाला म्हणतो गेटला वापरतो तो चौकोनी पाईप घे, चार दिवसात सांगाडा उभा करतो. काय करू? पाईप कुठला घेऊ? (एक वाचक, माण)

उत्तर : छत कापायचा विचार आधी डोक्यातून काढा. बीटलचं खरंय, पण बीटल वेगळी गाडी होती. तिच्या फ्लोअरच्या मधून एक जाड कणा जातो आणि वरची बॉडी त्यावर बोल्टने बसवलेली असते, म्हणजे बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी खालचं सगळं जाग्यावर राहतं. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी मँक्स बग्गी केली, पहिल्या थोड्या त्यांनी फायबरच्याच सलग बांध्यावर केल्या आणि नंतर बीटलचा फ्लोअर साधारण चौदा इंच कापून आखूड करून त्यावर फायबरची बॉडी बसवली. १९६७ ची मेक्सिकोतली पहिली मेक्सिकन १००० ऑफ-रोड रेस अशाच मँक्सने जिंकली. ते जमलं कारण त्या फ्लोअरला स्वतःचा कणा होता. आपल्या ८०० ला वेगळी चॅसीच नाही, पत्र्याचा फ्लोअर, दाराखालचे उंबरे, खांब आणि छत हे सगळं मिळून एक पेटी आहे, छत कापलं की पेटीचं झाकण गेलं, आणि झाकण नसलेला पुठ्ठ्याचा खोका दोन हातांनी पिळून बघा म्हणजे कळेल पहिल्या ओढ्यात काय होईल ते. वर तुम्हीच म्हणताय बॉडी सडलीये.

जीपची चॅसी हा वाईट सल्ला नाही, जीपचंच इंजिन आणि जीपचेच ॲक्सल असतील तर. पण तुमच्याकडे ८०० चं ७९६ सीसीचं छोटं इंजिन आहे, त्याला एवढं लोखंड ओढायला लावायचं, आणि एवढं करून डोक्यावर संरक्षण काहीच नाही, पिंजरा वेगळा करावाच लागणार. लॅडर चॅसी म्हणजे दोन लांब गज आणि मधे आडव्या पट्ट्या, ती पिळवटते. ट्रकला ते चालतं. तुमच्या हलक्या गाडीला नको.

म्हणजे राहिला पाईपचा सांगाडा, आणि माझं मत तेच आहे. पण पाईपच्या दुकानात लगेच जाऊ नका. फ्रेमला दोनच कामं असतात, चारी चाकांच्या सस्पेन्शनचे पॉइंट एकमेकांपासून हलू न देणं आणि गाडी उलटली तर आतल्या माणसाला जागा ठेवणं. तेव्हा आधी चाकं, इंजिन आणि माणसं कुठे बसणार ते नक्की करायचं, मग त्यांना जोडणाऱ्या रेषा काढायच्या, आणि त्या रेषा किती लांब निघतात त्यावर पाईप ठरतो.

८०० मध्ये सोय अशी आहे की इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट आणि पुढचे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) हे सगळं एकत्र उचलून मागे नेता येतं. नेताना फिरवू नका, जसं होतं तसंच सरळ मागे सरकवा, उलटं फिरवलं तर गाडी चार गिअरमध्ये मागे पळेल आणि एकात पुढे. इथे फ्रेमचे पॉइंट आपोआप ठरतात, दोन्ही स्ट्रटचे वरचे कप, खालचे आर्म, इंजिनचे माउंट. आणि एक जागा बरेच जण विसरतात, स्टिअरिंगच्या टाय रॉडची, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्यांची. मागे गेलेली चाकं आता वळायला नकोत, म्हणून टाय रॉड फ्रेमलाच पक्के करावे लागतात, आणि ते मूळ गाडीत जिथे रॅकला जोडलेले असतात बरोब्बर त्याच जागी यायला हवेत, नाहीतर खड्ड्यात चाक वर गेलं की ते आपोआप थोडं वळतं आणि मागची बाजू बाजूला पळते. म्हणून इंजिन उतरवायच्या आधी जुन्या बॉडीवरच ही सगळी मापं घ्या, फोटो काढा, आणि जमलं तर पट्टीचा जिग (मापाचा साचा) बनवून ठेवा. बॉडी एकदा भंगारात गेली की ही मापं परत मिळत नाहीत.

मग वायरिंगचा २५ एमएमचा पीव्हीसी पाईप आणा. त्याचा बाहेरचा व्यास आपल्या बारीक लोखंडी पाईपच्या जवळ आहे आणि तो कटरने कापता येतो. शेडमध्ये पूर्ण मापाचा सांगाडा त्यातून उभा करा, सुतळीने बांधा, टेपने चिकटवा, दोन सीट ठेवा, घरातल्या सगळ्यात उंच माणसाला हेल्मेट घालून बसवा. हेल्मेटपासून वरच्या पाईपपर्यंत सगळीकडून सहा इंच सुटले पाहिजेत, खांदा, कोपर, गुडघ्यापासून निदान तीन. आठवडाभर रोज त्यात चढा उतरा. काय चुकलं ते तेव्हाच कळतं आणि दुरुस्तीला कात्री पुरते.

आता त्या मॉडेलकडे बघत एक काम करायचं, प्रत्येक चौकोन शोधायचा. जुन्या लाकडी टेबलाचे पाय डुगडुगायला लागले की सुतार तिरकी पट्टी ठोकतो ना, तेच इथे. चार पाईपांचा चौकोन कितीही चांगला वेल्ड केला तरी तो कलतो आणि सगळा ताण सांध्यांवर येतो, तिरका पाईप टाकला की दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण पाईप वाकल्याशिवाय किंवा तुटल्याशिवाय आकार बदलत नाही. जिथे माणसाला आत शिरायचंय तेवढा चौकोन मोकळा ठेवावा लागतो, बाकी शक्य तिथे तिरका टाका. सस्पेन्शनचे ब्रॅकेट नेहमी जिथे दोन तीन पाईप एकत्र येतात त्या गाठीवर घ्या, कधीच पाईपच्या मधोमध नको. माझ्या पहिल्या फ्रेमला मागच्या शॉकअपचा ब्रॅकेट मी पाईपच्या मध्यावर लावला होता, जागा तिथेच सोयीची होती म्हणून. दोन महिन्यांनी गाडी धुताना रंगावर केसाएवढी तांबूस रेष दिसली, खरवडून बघितलं तर वेल्डच्या कडेने पाईप निम्मा चिरलेला. तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगतो.

चौकोनी पाईपबद्दल तुमचा वेल्डिंगवाला अगदीच चूक नाही. तेवढ्याच मापाचा आणि जाडीचा चौकोनी पाईप सरळ वाकवण्याला गोल पाईपपेक्षा ताठ असतो, कापायला सोपा, ब्रॅकेट लावायला सोपा. सीटखालचा भाग, फ्लोअर, बॅटरीचा ट्रे यांना तो खुशाल वापरा. पण डोक्यावरचा पिंजरा त्याचा नको. तो नीट वाकत नाही म्हणून छताच्या कोपऱ्यात ४५ अंशात कापून वेल्ड मारावा लागतो, आणि गाडी उलटली की नेमका तोच कोपरा जमिनीवर आपटतो. गेटचा पाईप पातळ भिंतीचा असतो, कोपऱ्यावर आपटला की चेपतो. सीटमागचा मुख्य कमान-पाईप एकाच सलग गोल पाईपचा असावा, खालपासून वरून परत खालपर्यंत, मधे एकही वेल्ड नाही.

आता पाईप. दोन माणसं आणि ८०० चं सामान धरून मी मुख्य कमान, छताच्या बाजू आणि पुढचे खांब ३८ एमएम बाहेरचा व्यास आणि ३ एमएम भिंत घेईन, बाकी तिरके आणि आडवे २५.४ एमएम आणि २ एमएम. पहिला मीटरला साधारण २.६ किलो, दुसरा १.१५ च्या आसपास. पहिला १८ मीटर आणि दुसरा २० मीटर लागला तर सांगाडा सत्तर किलोच्या आसपास जातो, ८०० च्या इंजिनाला एवढं काही जड नाही. सीमलेस (बिनजोड) किंवा सीडीडब्ल्यू (वेल्ड करून थंड ओढलेला) मागा. आणि दुकानात नुसतं 'एक इंची' म्हणू नका, पाण्याच्या लाइनचा पाईप हातात देतील, त्याचा बाहेरचा व्यास एक इंच नसतो, साडेतेहेतीस एमएमच्या आसपास असतो. व्हर्नियर खिशात ठेवा, व्यास आणि भिंत दोन्ही मोजून घ्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) अजिबात नको, वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि वेल्डमध्ये छिद्रं राहतात ते वेगळंच.

वाकवायला नळवाल्याचा हायड्रॉलिक बेंडर वापरू नका, तो बाकाच्या आत पाईप चेपवतो. गोल डाय असलेला रोटरी बेंडर असलेलं वर्कशॉप शोधा, बाकाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी ठेवा. सांध्याला पाईपचं टोक माशाच्या तोंडासारखं कापून दुसऱ्या पाईपवर घट्ट बसवायचं, फट राहिली आणि ती वेल्डने भरली तर तो सांधा दिसायलाच चांगला. आधी पूर्ण सांगाडा टॅकवर (नुसत्या ठिपक्याएवढ्या वेल्डवर) उभा करा, कर्ण मोजा, मग आलटून पालटून दोन्ही बाजूंनी वेल्ड करा, एकाच बाजूने करत गेलात तर फ्रेम ओढली जाते.

प्रश्न : सर, आम्ही मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहोत, कॉलेजची बाहा एसएई इंडियाची (विद्यार्थ्यांनी ऑफ-रोड गाडी बनवायची स्पर्धा) टीम आहे. सिनियर म्हणतात ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं महाग स्टील) घ्या, साधं १०१८ स्टील घेऊन कोणी जिंकत नाही. बजेट कमी आहे. खरंच एवढा फरक पडतो का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : सिनियरना हा हिशोब दाखवा. स्पर्धेच्या नियमाचा पायाच असा आहे की २५.४ एमएम व्यास, ३ एमएम भिंत आणि ०.१८ टक्के कार्बनच्या स्टीलचा पाईप घ्या, किंवा वाकण्याचा ताठपणा आणि ताकद दोन्हीत त्याच्या बरोबरीचा दुसरा घ्या, भिंत १.५७ एमएमपेक्षा कमी नको. आता ताठपणा स्टीलच्या जातीवर जवळजवळ ठरतच नाही, १०१८ असो की ४१३०, इलॅस्टिक मॉड्युलस (धातू किती लवतो त्याचं माप) २०५ गिगापास्कलच्या आसपासच. तो ठरतो व्यासावर. मूळ पाईप मीटरला १.६६ किलो. २९.२ एमएम आणि १.६५ एमएम भिंतीचा घेतला तर १.१२ किलो, ताठपणा मूळ पाईपपेक्षा एक टक्क्याहूनही कमीने वर. ताकदीत मात्र हा पाईप १०१८ चा असेल तर नापास होतो, यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकतं तो) ३६५ मेगापास्कल धरून. ४१३० चा, यील्ड ४३५ धरून, पास होतो. बहुतेक टीम इथेच थांबतात आणि म्हणतात बघा, क्रोमोली लागतंच.

पण व्यास अजून थोडा वाढवून बघा ना. ३१.७५ एमएम आणि तीच १.६५ ची भिंत घेतली तर साधं १०१८ सुद्धा ताठपणात जवळपास तीस टक्क्यांनी आणि ताकदीत पाच टक्क्यांनी वर जातं, वजन मीटरला १.२३ किलोच्या आत. मुख्य पाईप २५ मीटर धरले तर मूळ मापापेक्षा अकरा किलो वाचले, आणि क्रोमोली घेतलं असतं तर अजून अडीच. त्या अडीच किलोसाठी पैसे घालायचे का ते तुम्ही ठरवा, मी कमी बजेटच्या टीमला नाही म्हणेन, तेच पैसे टेस्टिंगला ठेवा, कारण गाडी स्पर्धेआधी महिनाभर चिखलात पळाली पाहिजे. वर क्रोमोली टिग वेल्डिंगने नीट फिलर घेऊन, वारा लागणार नाही अशा जागी वेल्ड करावं लागतं आणि सावकाश थंड होऊ द्यावं लागतं. गरम सांध्यावर पाणी मारणारी मुलं मी पाहिलीत, कृपा करून ते करू नका, सांध्याशेजारचं स्टील कडक आणि ठिसूळ होतं. तुमच्या वर्षाचं रूलबुक समोर ठेवूनच हिशोब करा आणि यील्डचा आकडा पाईपच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा घ्या.

प्रश्न : बग्गी तयार झाली तर आरटीओत पासिंग होईल का? (कोल्हापूर)

उत्तर : ते धरून चालू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेले जे तपशील आरसी बुकात आहेत त्यांच्याशी गाडी जुळली पाहिजे, इथे तर गाडीच नवीन बनवलेली. स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या खासगी जागेतच चालवा, रस्त्याने नेताना टेम्पोत टाकून न्या. आणि कोकणातल्या वाळूचा विचार असेल तर नकोच, वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वाळूखाली काय आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर सहा महिन्यांपासून बग्गी बनवतायत, आता झालीये. मुलं नऊ आणि बारा वर्षांची आहेत, मागे लागलीत बसायला. मला यातलं काही कळत नाही. हो म्हणण्याआधी मी काय बघू? (नाशिक)

उत्तर : ताई, तुम्हाला जे बघायचंय त्याला इंजिनिअरिंग लागत नाही. मिस्टरांना हेल्मेट घालून सीटवर बसायला सांगा आणि एक सरळ काठी डोक्यामागच्या कमानीपासून पुढच्या वरच्या पाईपपर्यंत ठेवा, हेल्मेट काठीच्या खाली सहा इंच तरी हवं. पट्टे चार पॉइंटचे हवेत आणि फ्रेमच्या पाईपला बसवलेले हवेत, सीटला किंवा पत्र्याला नाही, खांद्याचा पट्टा मागे खांद्याच्या उंचीवर किंवा जरासा खाली गेला पाहिजे. सीट आणि इंजिनच्या मधे पूर्ण पत्रा हवा, पेट्रोलची टाकी त्या पत्र्याच्या पलीकडे. पट्टा बांधून बसल्यावर हात बाहेर जमिनीकडे जातो का बघा, जात असेल तर बाजूला जाळी लावून घ्या, गाडी कलंडते तेव्हा माणूस हात बाहेर टाकतोच.

आणि मोठ्या माणसाच्या मापाचा पट्टा नऊ वर्षांच्या मुलाला बसत नाही, तो पोटावर सरकतो. त्याला त्याच्या मापाचा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट मिळेपर्यंत नाहीच म्हणा. बारा वर्षांच्याला पट्टा नीट बसत असेल तरी आधी मिस्टरांना एकट्याला महिनाभर चालवू दे, दर रविवारी गाडी धुवायला लावा, आणि धुतल्यावर तुम्ही स्वतः टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्याच्या कडेने फिरा. रंगात तांबूस रेष दिसली की गाडी उभी.