सप्ताहातील वेगळी पंगत

प्रश्न : आमच्या गावी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो आणि समितीचा हिशेब माझ्याकडे असतो. महाप्रसादाला एका वस्तीतील माणसे सर्वांत शेवटी, मांडवाच्या कडेला बसतात. तसे कोणी सांगत नाही. रीतच पडली आहे. हे विठ्ठलाला मान्य नसेल, असे मला वाटते. पण माझेच बरोबर कशावरून, आणि गावात दुफळी माजली तर, या विचाराने मी गप्प राहतो. मन निःशंक होईपर्यंत थांबणेच योग्य नव्हे का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रात दोन शंका एकमेकींत मिसळल्या आहेत. ही पंगत चुकीची आहे का, ही पहिली. तिच्याविषयी आपल्याला खरोखर शंका असती, तर हे पत्र आपण लिहिलेच नसते. शिवाय अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या राज्यघटनेच्या कलम १७ ने त्या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावला आहे. दुसरी शंका परिणामांची आहे, आणि त्यांची हमी आधी कोणालाच मिळत नाही.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य ठरवलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले, तेव्हा त्यांच्या हाती तरी कोणती हमी होती? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर असूनही त्यांच्या समाजाला सहाशे वर्षांनंतर आत पाऊल टाकता येत नव्हते. बडव्यांचा विरोध होता आणि सनातनी मंडळी शास्त्राधार पुढे करीत होती. त्यातच, ज्यांच्या शब्दावर गुरुजींनी आयुष्य ओवाळून टाकले होते, त्या गांधीजींनी, त्यांच्यापर्यंत चुकीची माहिती पोहोचल्यामुळे, उपोषण सोडण्याची तार केली. विरोधकांच्या नकारापेक्षा ही तार पचवणे कितीतरी कठीण गेले असेल. तरीही गुरुजी थांबले नाहीत. पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेल्या दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीनंतर १० मे रोजी उपोषण सुटले आणि मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाला.

उपोषण सर्वांच्या लक्षात राहिले. त्याआधी गुरुजी कित्येक महिने महाराष्ट्रभर हिंडले, सभा घेतल्या आणि गावोगावची देवळे व विहिरी खुल्या करण्याचे आवाहन करत राहिले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. मला स्वतःला तो दौरा अधिक मोलाचा वाटतो, कारण पंढरपूरचे दार उघडेल की नाही हे ठाऊक नसताना वाटेवरची अनेक दारे त्या दौऱ्याने उघडली.

आपणही उपोषणाच्या वाटेला जाऊ नये. समितीच्या बैठकीत उगारण्याचे ते हत्यार नव्हे, आणि हल्ली ते फारच स्वस्त झाले आहे. प्रथम त्या वस्तीत जाऊन तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, कारण वाद झालाच तर पहिला अपमान त्यांच्या वाट्याला येईल. त्यांची इच्छा आणि तयारी जाणून न घेता केलेला उपकार हाही अपमानच ठरतो. मग कीर्तनकार महाराजांशी आणि वाढप्यांशी बोलावे. काल्याचा प्रसाद सर्वांनी एकत्र घ्यायचा असतो, हे महाराजांना नव्याने सांगावे लागणार नाही. एवढे करूनही समितीचा निर्णय झाला नाही, तर महाप्रसादाच्या दिवशी आपण कुटुंबासह त्याच पंगतीत बसावे. त्यासाठी ठराव लागत नाही, आणि हिशेब सांभाळणारा माणूसच तिथे पानावर बसला की ती पंगत शेवटी ठेवणे वाढप्यांना अवघड जाईल.