खंड झाकू नकोस

प्रिय मित्रा,

ॲक्रिंग्टन स्टॅन्ली या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या इतिहासाचा तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. पहिल्याच ओळीला अडलो. ॲक्रिंग्टन स्टॅन्ली म्हणजे १८८८ साली फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक, असं तू लिहिलंस. अरे, तो क्लब वेगळा! तो ॲक्रिंग्टन एफ.सी. १८९३ मध्ये त्यांनी लीग सोडली आणि काही वर्षांतच ते संपले. स्टॅन्ली १८९१ चे, त्याच गावातले, पण दुसरे. तुला हे ठाऊक आहे, कारण पत्रात तूच विचारतोस, ‘तीन ठिकाणी तीन सालं सापडतात, सुरुवात कुठून करू?’ आणि तो गुंता सोडवायचा सोडून तू १८८८ पासून आजपर्यंत एक सलग रेघ ओढून मोकळा झालास. ती रेघ पूस. खंड झाकू नकोस.

१९२१ ला लीगच्या थर्ड डिव्हिजन नॉर्थमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीच्या उत्तर गटात प्रवेश, पुढे १९५५ मध्ये मैदानात उतरलेले अकराच्या अकरा खेळाडू स्कॉटलंडमध्ये जन्मलेले, हे सगळं छान जमलंय. तिथे मला काही सांगायचं नाही. पण मार्च १९६२ तू दोन ओळींत उरकलास! कर्ज डोक्यावर असताना १९५८ मध्ये दूरच्या ऑल्डरशॉटहून जुना प्रेक्षक-स्टँड विकत आणला. तो आणून उभा करायलाच त्याच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा गेला. शेवटी ऐन हंगामात लीगचा राजीनामा दिला. मग मन बदललं, राजीनामा मागे घ्यायची धडपड केली, पण लीगने ऐकलं नाही. त्या हंगामातले त्यांचे सगळे निकाल रद्द झाले. म्हणजे त्या हिवाळ्यात चिखलात एखाद्या पोराने मारलेला गोल अधिकृत तक्त्यात नाहीच. यावर तुझ्या दोन ओळी?

तू म्हणशील, वाचकाला पडझड नको असते, चढाई हवी असते. मीही असंच म्हणायचो. सव्विसाव्या वर्षी एका छोट्या क्लबची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका माझ्याकडे आली. मधली तीन वर्षं तो क्लब बंद होता. समिती म्हणाली, कशाला उकरायचं. मीही ‘अखंड पन्नास वर्षं’ असं छापलं. त्या तीन वर्षांत एक गृहस्थ गोलपोस्टच्या जाळ्या स्वतःच्या घरात माळ्यावर जपून ठेवत होते, दर पावसाळ्यानंतर उन्हात घालत होते. स्मरणिकेत त्यांचं नाव कुठेच नव्हतं. कसं असणार? ज्या वर्षांत त्यांनी क्लब सांभाळला ती वर्षंच मी पुसली होती. त्यांनी स्मरणिका चाळली, मिटली, माझ्या हातात परत दिली. काही बोलले नाहीत. मी तरुण होतो, छपाईची तारीख डोक्यावर होती, पैसे समितीचे होते. हे सगळं खरं आहे. तरी ते पान माझ्या हातचं आहे, आणि तेव्हापासून मी कुणाला खंड झाकू देत नाही. तुलाही देणार नाही.

जुना स्टॅन्ली १९६६ ला बंद पडला. १९६८ ला त्याच नावाने नवा क्लब निघाला. मैदानही नवं. तुझ्या मसुद्यात मधली दोन वर्षं नाहीतच, ‘पुनरुज्जीवन’ एवढा एक शब्द आहे. पुनरुज्जीवन आपोआप होतं का रे? क्लब नसताना क्लबचं नाव कोण घेत होतं, पहिली बैठक कुणी बोलावली, वर्गणी कुणी मागितली? जुनी स्थानिक वर्तमानपत्रं काढ. गोल कुणी मारले ते नंतर बघू.

आणि बघ, १९६२ मध्ये त्यांची रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती. २००६ मध्ये स्टॅन्ली लीगमध्ये परतले, त्याच वर्षी खाली घसरून बाहेर पडलेल्यांत ऑक्सफर्ड होते. चव्वेचाळीस वर्षांनी! तू हे लिहिलंयस, पण वाचताना माझ्या अंगावर काटा आला नाही, कारण मागे खड्डाच दाखवलेला नाहीस. सलग रेघेवर परत येणार कुठून?

रागावला असशील तर रागव. तुझी भाषा चांगली आहे, म्हणूनच जास्त राग येतो. २०१८ चं लीग टू चं, म्हणजे चौथ्या श्रेणीचं विजेतेपद राहू दे बाजूला. पुढच्या खेपेला फक्त १९६२ ते १९६८ लिहून पाठव, बाकीचं पान मी उघडणार नाही.

तुझा,
काका