पुणं की बिन्ह डुओंग? आधी सांगा, कोणासाठी

तुमचा प्रश्न असा: चाकणच्या कंपनीतून व्हिएतनामला, बिन्ह डुओंगला तीन वर्षांची बदली मिळतेय, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी, तर तिथलं राहणीमान पुण्यापेक्षा बरं की वाईट? मी त्याच पट्ट्यात २०१७ ते २०२३ ही वर्षं एका फर्निचरच्या कारखान्यात काढली. (लिहितात 'डुओंग', तिथले लोक म्हणतात 'यूंग'. जुलै २०२५ पासून हा प्रांत हो ची मिन्ह शहरातच विलीन झालाय, म्हणजे पत्ता आता 'सायगाव'चा; त्या शहराचं हे जुनं नाव.)

आकडेच हवे असतील तर संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात व्हिएतनाम ९३ वा आहे आणि आपण १३० वे. १९९० मध्ये त्यांचं दरडोई उत्पन्न आपल्याहून कमी होतं, आज आपल्या दीडपटीच्या वर आहे. पण हे सगळं तिथल्या नागरिकांचं. तुम्ही नागरिक म्हणून जात नाही आहात, तीन वर्षांचे पाहुणे म्हणून जाताय.

पहिल्याच महिन्यात एकदा रात्री साडेदहाला घरातलं दूध संपलं आणि बायको एकटी चालत जाऊन घेऊन आली. मी फोन धरून खिडकीत उभा. पुण्यात ती रात्री रिक्षाने येताना घरी पोचेपर्यंत माझ्याशी फोनवर बोलत राहायची. ती सवय तिथे कधी सुटली ते तिलाही कळलं नाही. लोक म्हणतात तिथले पोलीस कडक. मला ते कारण वाटत नाही. तिथे दहातल्या सात बायका कामाला जातात. कारखान्यात, बांधकामावर, रात्री स्कूटरवर, पहाटे पाचला बागेत गाणी लावून व्यायामाला, जिकडेतिकडे बायकाच. रस्त्यावर एकटी बाई दिसली म्हणून वळून बघावं असं कुणाला वाटतच नाही. अर्थात चोऱ्या होतात. मोटारसायकलवरून येऊन मोबाइल हिसकावणं हा सायगावचा जुना धंदा आहे आणि आमचाही एक फोन त्यात गेला. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका.

आता याची दुसरी बाजू. कुटुंबीय म्हणून मिळणाऱ्या निवासपत्रावर नोकरी करता येत नाही; त्यासाठी वेगळा कामाचा परवाना लागतो. बायको इथे शाळेत शिकवत होती, तिथे सहा वर्षं घरी. रात्री कुठेही जाता यायचं, पण दिवसा जायचं कुठे, हा तिचा प्रश्न होता. माझं राहणीमान सुधारलं, तिचं सुधारलं का, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही.

२०२० मध्ये इकडे नातेवाईक घरात कोंडलेले, मजूर पायी गावी निघालेले, आणि आम्ही एप्रिलनंतर हॉटेलात जेवत होतो. ३० जुलै २०२० पर्यंत त्या देशात कोविडने एकही मृत्यू नव्हता. मला तेव्हा त्यांच्या सरकारचं फार कौतुक वाटायचं. मग २०२१ चा जुलै उजाडला आणि साथ तिथेही पसरली. कारखाना चालू ठेवायचा तर सरकारची अट 'तीन गोष्टी एकाच जागी': काम, जेवण, झोप. मी सात आठवडे गोदामात तंबूत झोपलो. घर चार किलोमीटरवर, पण जायची सोय नाही. ऑगस्टअखेर तर शहरात घरोघरी शिधा पोचवायला सैन्य आलं. या काळात कुणाकडे तक्रार करावी, पेपरात पत्र लिहावं, नगरसेवकाला गाठावं, असं काही नसतंच. माझा तिथला सहकारी सरकारबद्दल बोलायचा तेव्हा आपोआप आवाज खाली आणायचा. आपल्याकडे कामं होत नाहीत, पण ओरडता तरी येतं. तुम्हाला यातलं कशाचं मोल जास्त, ते तुमचं तुम्ही ठरवा.

दवाखान्याचं मात्र मनावर घ्या. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा रात्री दोनला नर्स आणि मी फोनवरच्या भाषांतरावर बोलत होतो. प्लेटलेट किती, हे तिने हातावर लिहून दाखवलं. उपचार चांगले झाले, पण पुण्यात खालच्या मजल्यावरचा डॉक्टर 'काही नाही हो, उतरेल ताप' म्हणतो, ते वाक्य तिथे विकत मिळत नाही. लिपी रोमन असल्यामुळे पाट्या वाचता येतात, पण उच्चारातला सुराचा चढउतार चुकला की 'मा'चा अर्थ भूत, आई, घोडा, थडगं, काहीही होतो.

बाकी किरकोळ. घर भाड्याने घेताना आडनाव, मांसाहार कुणी विचारत नाही. मालक पासपोर्ट घेऊन पोलिसांत नोंद करतो, संपलं. आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तिथे चालत नाही. आठवडा बहुधा सहा दिवसांचा, पण दुपारी जेवून ऑफिसचे दिवे मालवून सगळे चटईवर आडवे होतात, पुणेकराला घरच्यासारखं वाटेल. शाकाहाराला 'चाय' म्हणतात (खरंच). चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला निम्मी गल्ली 'चाय' जेवते; एरवी मात्र भाजीतही माशाचं पाणी असतं, विचारून घ्या. आणि हो, शिवाजी महाराजांचा आदर्श ठेवून व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं, हा व्हॉट्सॲपवरचा बिनबुडाचा किस्सा तिथे कुणाला सांगू नका. मी पहिल्याच जेवणात सांगितला होता. सगळे हसरे चेहरे करून गप्प बसले.

शाळा ही खरी मेख. सरकारी शाळा व्हिएतनामी भाषेत, आणि आंतरराष्ट्रीय शाळेची फी खिशातून भरायची तर वाढलेला पगार तिथेच जिरतो. फी, कुटुंबाचा विमा आणि वर्षाकाठी सगळ्यांची तिकिटं, एवढं बदलीच्या पत्रात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका, मी गेलो होतो.

आणि हे उत्तर घरी वाचायला द्या. तुमच्या मिसेसचे प्रश्न वेगळे असतील. ते त्यांनीच विचारावेत, उत्तरं माझी बायको देईल असं ती म्हणतेय.