पेन्सिलने काढलेला पितळी तांब्या चकचकीत का दिसत नाही?

कारण गडद छटा पुरेशा गडद नाहीत आणि त्यांच्या कडा बोटाने घासून मऊ झाल्या आहेत. धातूची चमक म्हणजे पांढरा ठिपका नव्हे. तांब्याच्या फुगीर पोटावर अख्खी खोली आक्रसून उमटलेली असते: खिडकी वाकड्या चौकोनासारखी, भिंत फिकट आणि बहुधा कडेजवळ एक काळपट पट्टा. हे आकार जसे दिसतात तसेच, धारदार कडांनी काढा. खिडकीची जागा कोरी ठेवा आणि तिला लागूनच ६बी या मऊ, गडद पेन्सिलची छटा भरा. कागदाचा पांढरा तिथेच उजळतो. मानेखालच्या खाचेतही अशीच गडद रेघ हवी, ती बरेचजण विसरतात. नाशिकमध्ये मी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या मुलांना स्थिरचित्र शिकवते, त्यांच्या चित्रांतही बहुतेकदा हेच अडतं. इथल्या भांडी बाजारातून एक साधा, गुळगुळीत तांब्या आणा, चिंचेने घासा आणि एकाच खिडकीच्या उजेडात ठेवा. मात्र तांब्या मठारलेला असेल तर हे जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे प्रत्येक ठोक्याच्या खळग्यात उजेड वेगळा तुटतो, म्हणून आधी खळग्यांच्या रांगा मांडाव्या लागतात.