कृषी सल्ला : मदतीचं बियाणं घरात आलं, पण रान पेरणीला आलंय का?

सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर सीना नदीकाठच्या करमाळा, माढा, मोहोळ, परंडा भागातून येणारे प्रश्न आता बदललेत. आधी पंचनाम्याचे फोन यायचे, आता आलेल्या मदतीचं काय करायचं हे लोक विचारतात. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

"एका संस्थेने हरभरा आणि ज्वारीच्या पिशव्या दिल्या. रान अजून ओलं आहे. पेरून टाकू का?"

थांबा. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा आणि गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. फुटून मोकळा झाला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला; चिकटून राहिला तर ट्रॅक्टर बांधाच्या आत आणू नका. काळ्या रानात ओल्यात नांगर घातला की जी ढेकळं निघतात, ती सगळा हंगाम फुटत नाहीत. कोरडवाहू ज्वारीची वेळ ऑक्टोबरच्या मध्याला संपते हे खरं, पण पाण्याची सोय असेल तर हरभरा १० नोव्हेंबरपर्यंत चालतो आणि उशिराचा गहू १५ डिसेंबरपर्यंत. ज्वारी हुकली म्हणून रब्बी हुकली असं नाही.

पिशवी फुकट आली म्हणून तपासायची नाही असंही नाही. टॅग आणि मुदत बघा. मग गोणपाट भिजवून त्यावर १०० दाणे ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवड्याने मोजा. ज्वारीचे ७५ आणि हरभऱ्याचे ८५ च्या आसपास उगवले तर बिनधास्त पेरा. थोडे कमी असतील तर बियाणं वाढवून पेरा, फारच कमी असतील तर नाद सोडा. ७ ऑक्टोबर २०२५ च्या सरकारी पॅकेजमध्ये रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर निविष्ठांसाठी हेक्टरी १० हजार रुपये, तीन हेक्टरच्या मर्यादेत, धरलेले आहेत. खात्रीचं बियाणं त्यातून घेता येईल. पाणी साचून राहिलेल्या रानात हरभऱ्याला मर (रोप वाळून जाण्याचा रोग) लागण्याचा धोका जास्त, म्हणून किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाची बुरशी रोखणारी उपयोगी बुरशी) चोळल्याशिवाय पेरू नका.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. गुलाबी-लाल रंग लावलेलं बियाणं विषारी औषध लावलेलं असतं. रेशनच्या डाळीची पोती आणि बियाण्याच्या पिशव्या सध्या एकाच खोलीत पडलेल्या दिसतात. आजच वेगळ्या करा. ते बियाणं धुऊनसुद्धा खायचं नाही, कोंबड्यांनाही टाकायचं नाही.

"नदीने माती नेली, खाली मुरूम उघडा पडला. मदतीचा जेसीबी येतोय. काय करून घेऊ?"

आधी पंचनामा आणि फोटो, मग जेसीबी. वाळू किंवा गाळ तीन इंचांहून जास्त साचला असेल तर तो काढायला शासनाच्या निकषात हेक्टरी १८ हजारांची मदत आहे, पण रान साफ करून बसलात तर दाखवणार काय? जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी ४७ हजार रोख. त्याशिवाय हेक्टरी तीन लाखांपर्यंतची रक्कम रोजगार हमीतून आहे. ती खात्यात जमा होत नाही, काम म्हणून येते. जॉबकार्ड आणि अर्जासाठी ग्रामपंचायतीत जा.

साचलं ते सगळं काढायचं नसतं. जाडी वाळू काढून बांधाला लावा. वाळल्यावर भेगाळणारा बारीक गाळ बोट-दोन बोटं असेल तर वाफशावर नांगरून खालच्या मातीत मिसळा, तो खताच्या मोलाचा आहे. मुरूम उघडा पडलेल्या तुकड्यात यंदा बी घालू नका. जेसीबीकडून फुटलेली ताल (माती अडवणारा मोठा बांध) बांधून घ्या आणि उतार सारखा करून घ्या. भरायला माती लागेल ती तलावातल्या गाळाची, आणि तलाव आत्ता तुडुंब आहेत, म्हणजे ते काम उन्हाळ्यात. पुढे जूनमध्ये पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग टाकून फुलोऱ्याआधी गाडा. वरच्याची माती खालच्याच्या रानात गेली म्हणून आतापासूनच भावकीत भांडणं लागलीत. ती मशीन येण्याआधी ग्रामपंचायतीत बसून मिटवा, कारण जेसीबीचं भाडं तासावर असतं.

"मुरघासाच्या (हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा आल्यात. जनावरं तोंड लावत नाहीत."

सवय नाही, म्हणून. पहिले चार-पाच दिवस दोन-तीन किलोच, वाळल्या चाऱ्यात मिसळून द्या, मग वाढवा. आंबूस वास चांगला. बुरशी किंवा कुजका वास असेल तर तेवढा भाग काढून फेका. पुरात भिजून काळा पडलेला कडबा मात्र कितीही वाळवला तरी घालू नका. घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस झाली नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव द्या.

"पुण्या-मुंबईहून मदतीसाठी फोन येतात. काय मागावं?"

कपडे पुरे झाले. शाळेच्या ओट्यावरचे ढीग तसेच पडलेत. ताडपत्री, ठिबकच्या नळ्या, स्टार्टर-केबल, पाण्याची मोटार भरून (रिवाइंडिंग करून) देण्याचा खर्च, विहिरीतला गाळ काढायला क्रेन, हे मागा. यादी गावाची एकच करा आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्या वाटेकऱ्यांची आणि मजुरांची नावं तिच्यात सगळ्यात वर घाला. सरकारी अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतं, यांना नाही.